मोठी मोटर आधी बंद

भारताला महासत्ता करायचं काम आमच्या काकांनी रविवारी सकाळी हाती घेतलेलं असायचं. पेपर वाचून झाला, चहाची दुसरी फेरी आली की पडवीत बैठक भरायची, आणि मी विरारहून पापडीला पोहोचेपर्यंत दोन-तीन देशांचा निकाल लागलेला असायचा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय झालं तरी रोज केळीच्या वाडीत उतरणारे. आवाज असा की कुंपणापलीकडची माणसंही न बोलावता चर्चेत सामील व्हायची.

मी बँकेत नोकरी करते. वाद घालायची खोड मला काकांकडूनच आली आहे, त्यामुळे आमचं जमायचं छान, म्हणजे जमायचं नाही. काका विमानवाहू जहाजांपासून सुरुवात करत. मग उपग्रह, मग अणुबॉम्ब, मग कारखाने. मी म्हणायचे, जगातली तरुण मुलं जिथे शिकायला आणि राहायला धावतात, तो देश मोठा. ज्याच्या चलनात दुसरे देश आपले व्यवहार करतात, ज्याच्यासारखे कपडे घालतात, तो मोठा. काका यावर फक्त हसायचे. कपड्यांनी कुठे सत्ता येते का, असा त्यांचा प्रश्न असे, आणि प्रश्न विचारताना स्वतः मात्र नातवाने पाठवलेला परदेशी टी-शर्ट घालून बसलेले असत. हे मी लक्षात आणून दिलं की चहा गार झाल्याची तक्रार सुरू व्हायची.

एकदा मी किल्ल्याचा विषय काढला. एके काळची महासत्ता आपल्या दाराशी येऊन राहिली होती, जहाजं होती, तोफा होत्या, आणि आज त्या तटबंदीवर गवत वाढलंय आणि खाली लग्नाआधीचे फोटो निघतायत. राहिलं काय, तर पाव, बटाटा, साबण, चावी. काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, पगारसुद्धा त्यांचाच शब्द आहे म्हणे. सगळे हसले. काका नाही हसले. त्यांनी पेपराची घडी घातली आणि आपली जुनीच व्याख्या कायमची सांगून टाकली, "ज्याला थांबवणारं कुणी नाही, ती महासत्ता. बाकी सगळ्या गप्पा."

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे. पण ते वाक्य बोलीत जास्त धारदार होतं. मला त्याचा रागच आला.

आता बावखलाविषयी सांगायला हवं. वाडीत पाण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं, त्याला आम्ही बावखल म्हणतो. आमचं बावखल चार घरांचं आहे, चारही घरांच्या मोटरी त्याच्यावर. समुद्र जवळ. पाणी हळूहळू उपसलं तर झरे ते गोडच भरून देतात. घाईने, हावरटासारखं उपसलं की खालून खारं पाणी वर येतं, आणि एकदा आलं की केळीच्या पानांच्या कडा करपायला लागतात, मग वाडी कुणाची ते खारं पाणी बघत नाही. बावखलाच्या काठाशी पाण्यात एक काळा धोंडा आहे. धोंडा उघडा पडला की मोटरी बंद करायच्या, पण सगळ्या एकदम नाही. ज्याची मोटर सगळ्यात मोठी, त्याने सगळ्यात आधी. मग त्याहून लहान, आणि सगळ्यात लहान मोटर पाऊस येईपर्यंत चालली तरी चालते. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. मोटरी नव्हत्या तेव्हा तो रहाटांना लागू होता.

सगळ्यात मोठी मोटर काकांची. सगळ्यात लहान पलीकडच्या बायची. ही बाय चर्चच्या वाटेवरच्या घरात एकटी राहते, भाजी आणि मोगरा करते, आणि रविवारी मिस्सा आटोपून येताना कुंपणाशी थांबून आमच्या बैठकीत एखादा टोमणा टाकून जाते.

त्या वर्षी काकांनी म्हाताऱ्या झालेल्या केळी काढून सोनचाफ्याची कलमं लावली होती. त्या वयात एवढा पसारा कशाला, असं सगळ्यांना वाटत होतं. कारण नंतर कळलं. माझा चुलतभाऊ, काकांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत असतो. वाडी लग्नाच्या लॉनसाठी द्यावी असं त्याचं बरेच दिवस चाललं होतं. आजूबाजूला दोन लॉन झालीच होती, संध्याकाळी बँडचा आवाज आमच्या पडवीत यायचा. बापलेकांत शेवटी असं ठरलं की चाफ्याची कलमं पहिला उन्हाळा तगली तर मुलगा हा विषय पुन्हा काढणार नाही. जळली, तर काकांनी सही करायची. काकूने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. काका मात्र कलमांना पाणी घालताना गुणगुणत होते.

उन्हाळा कडक निघाला. एका रविवारी मी आले तर बैठक नव्हती. काका बावखलाच्या काठावर उकिडवे बसले होते आणि धोंडा उघडा पडला होता. पूर्ण नाही, वरचा भाग, तळहाताएवढा. काकांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकलं. मीही चाखलं. गोड होतं. पण जिभेच्या कडेला काहीतरी लागत होतं.

बाजूच्या घरातले येऊन म्हणाले की एवढ्यात काही होत नाही, तुमची कलमं लहान आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आठवडाभर चालू ठेवा. मलाही ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर मला धोंड्याचीच चीड आली होती. तेवढ्यात मुलाचा फोन आला. काका कानाला फोन लावत नाहीत, समोर धरून मोठ्याने बोलतात, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, "बंद कशाला करता बाबा? सगळ्यात मोठी मोटर तुमची. तुम्हाला थांबवणार कोण?"

तो चांगला मुलगा आहे. त्याला खरंच बापाची कलमं वाचावीत असं वाटत होतं, लॉनचा विषय विसरून तो बोलला होता. आणि ते वाक्य तो काकांच्याच पडवीत, त्यांच्याच तोंडून ऐकत लहानाचा मोठा होताना शिकला होता.

काकांनी फोन माझ्या हातात दिला, ते उठले, मोटरीच्या खोपटात गेले. मोटरीचा आवाज थांबला. इतके दिवस तो आवाज कानांना सवयीचा झाला होता, थांबल्यावर वाडी एकदम मोठी वाटली. काका बाहेर आले आणि काकूला जेवायला वाढ म्हणाले. जेवताना त्यांनी आमटी दोनदा मागितली. मी आयुष्यात त्यांच्याशी शेकडो वाद घातले असतील, पण त्या दुपारी त्यांच्या पानासमोर बसून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते वादात कधीच वाटलं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला असता, पण त्यांनी कारण विचारलं असतं.

कलमं दोन दिवसांत माना टाकायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या खालून एक काळा पाइप वाडीत आलेला काकूने पाहिला. बायने आपल्या मोटरीचं पाणी चाफ्याला सोडलं होतं. काका तावातावाने कुंपणाशी गेले. आपल्याला कुणाचं पाणी नको, तिची भाजी वाळेल, हे नियमात नाही, असं बरंच बोलले. बाय माठाची जुडी बांधत होती. ती म्हणाली की नियमात मोटर बंद करायचं लिहिलंय, पाइप कुठे टाकायचा ते लिहिलेलं नाही. नंतर बाकीच्या दोन घरांनीही, त्यांच्या मोटरी चालू होत्या तोवर, आपल्या वाट्याचं थोडं थोडं पाणी द्यायला सुरुवात केली. बायने त्या वर्षी माठाचा अर्धा वाफा पेरलाच नाही.

मोटर बंद करताना काकांना जेवढा त्रास झाला नव्हता तेवढा हे पाणी घेताना झाला. मी त्यांना चिडवलं, महासत्तेला परदेशी मदत आली वाटतं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पाइपाचं तोंड एका कलमावरून दुसऱ्या कलमाकडे नेलं, अगदी हळू, एक थेंब वाटेत सांडू न देता.

पावसाळा संपता संपता मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काही कलमं गेली होती, पण बहुतेक उभी होती, आणि दोन-चार झाडांवर कळ्यासुद्धा. काकांनी फोन प्रत्येक झाडासमोर धरला. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं की मोटर बंद होती, तर मग एवढं पाणी घातलं कुणी?

काका कुंपणाशी गेले आणि त्यांनी फोन बायच्या हातात दिला. बायने तो आरशासारखा तोंडासमोर धरला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अरे, तुझ्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने आधी बंद केली. मग आम्ही कसे गप बसणार?"

मग माझा भाऊ बोलला. लॉनचं नाही, जमिनीच्या भावाचं नाही. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बाय," तो म्हणाला, "धोंडा आता पाण्याखाली आहे ना?"