चिंचेचं सार

भवानी पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या अक्का विड्या वळायच्या. आता सकाळी त्यांची बोटं मिटत नाहीत. चहाचा कपसुद्धा त्या दोन्ही तळव्यांत धरतात. कुणी विचारलं की, "बरं हाय की," म्हणून हसतात आणि हात पदराखाली घेतात.

त्यांना आमवात झाला आणि अख्खी गल्ली डॉक्टर झाली. कारण काय, तर म्हणे चिंच! ज्या तेलुगू घरात चिंचेशिवाय जेवण होत नाही, तिथं एकट्या अक्कांच्या ताटातलं सार बंद झालं. संताप येतो नुसता.

दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "शरीर पेशींना वाढायचा निरोप देत असतं. यांच्या सांध्यांच्या अस्तराला जाणारा तो निरोप थांबतच नाही, म्हणून ते वाढून सांधा खातं. काहींना हा धोका उपजतच जास्त असतो. चिंचेचा काय संबंध?" हे मी दारोदार सांगितलं. ऐकतंय कोण!

परवा बारशाच्या पंगतीत त्यांच्या जाऊबाई सगळ्यांदेखत वाढणारीला म्हणाल्या, "हिला सार देऊ नका. जिभेचे लई लाड केले, आता भोगतीया."

या वेळी अक्का हसल्या नाहीत. त्यांनी जाऊबाईंच्याच पानापुढची वाटी दोन्ही तळव्यांत उचलली, सार शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या आणि म्हणाल्या, "तुमी तर रोजच पिता की. दावा बघू तुमची बोटं."

जाऊबाईंनी आपले धडधाकट हात पदराखाली घेतले.