जुना सदरा आणि अणूचं गणित

लिहिण्याइतकं मला काही कळतं असं नाही, तेव्हा आधीच माफी मागतो.

पुंजयांत्रिकीत, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समध्ये, मी नापास झालो होतो आणि फेरपरीक्षा जवळ आली होती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शिंपीकामाच्या दुकानात पुस्तक घेऊन बसलो होतो. अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले, "नीट बसणारा जुना सदरा मापाला आणा. पोटाशी लागेल तेवढा फरक मी घालतो."

मी थबकलो. अवघड अणूचं गणितही असंच करतात. आधी सुटलेलं सोपं गणित घ्यायचं आणि त्यात लहान लहान फरक घालत जायचं. डोळ्यांना न दिसणारं जगही शिंप्याच्या रीतीने मापात येतं, याचा केवढा आनंद झाला!

अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तुझ्या सरांना पाठव इकडे. काजं-बटणं करायला माणूस हवाच आहे."

काल मित्राचा फोन आला, फेरपरीक्षेचा निकाल लागलाय. मी पास झालोय.