शेवंताने मोरीत ओतलेलं औषध

शेवंता मुलांचे कान हुंगायची. पेणच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तिथे ती शिपाई होती. सकाळी दारात उभी राहून ती एकेका पोराचं डोकं धरायची. आधी एक कान, मग दुसरा. वास आला की त्या पोराच्या आईला तिथल्या तिथे धारेवर धरायची.

एकदा एक आई म्हणाली, "वाहतो तर वाहू दे गो मावशी. मोठा झाला का थांबंल."

"थांबंल ना! माझ्या भावाचा थांबला. कान थांबला, मंग तो बी थांबला. पाच वर्साचा व्हता."

तिचे आईवडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते. भावाचा कान फुटला तेव्हा आईने लसूण घालून कोमट केलेलं तेल ओतलं, कारण दुसरं काही नव्हतंच. पू आत, मेंदूकडे गेला. पुढे शेवंताचाही कान वाहू लागला. तिला मुंबईला नेऊन कानामागचं हाड कोरून काढलं. तिथे अंगठा मावेल एवढा खळगा होता, आणि त्या बाजूने तिला काही ऐकू येत नसे. जंतू मारणारी औषधं तेव्हा जगात निघाली होती, मिठागरापर्यंत पोचली नव्हती. नंतर ती पेणच्या दुकानांत मिळू लागली, आणि कानापायी पोरं दगावणं, हाडं कोरणं जवळजवळ बंद झालं.

नातवंडांनो, तुमचा बाबा चार वर्षांचा असताना त्याचा डावा कान दुखू लागला. डॉक्टरांनी पावडरीची बाटली दिली. खुणेपर्यंत पाणी घालून हलवायची, दिवसातून तीनदा द्यायची, सात दिवस. सात दिवसांनंतर उरलेलं टाकून द्या, असं बाटलीवर इंग्रजीत छापलं होतं. तिसऱ्या दिवशी तो खेळायला लागला. मी औषध थांबवलं, उरलेल्या बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि ती फ्रिजच्या दारात ठेवली. दोन महिन्यांनी कान पुन्हा दुखला. डॉक्टरांकडे न जाता मी तीच बाटली काढली. स्वतःच्या टापटिपीचं मला कौतुकही वाटलं.

त्याच आठवड्यात शेवंता शाळेच्या किल्ल्या द्यायला घरी आली. मी तिच्यासाठी गार पाणी काढत होते, तेवढ्यात तिला बाटली दिसली. "ही कवाची?" मी अभिमानाने सांगितलं. तिने बाटली उचलली आणि मोरीत पालथी केली.

"अगं, काय करतेस!"

"माझ्या आयला औशद भेटलं नाय, म्हनून माझा भाव मेला. तुमाला भेटलं, तर तुमी लोनच्यावानी भरून ठेवलं? इंग्रजी येतं ना बाई? बाटलीवर काय लिवलंय, ता वाचलं नाय?"

मग तिने तुमच्या बाबाला जवळ ओढलं. "वास येतो," म्हणाली. मला तो आलाच नव्हता.

डॉक्टरांना दाखवलं, तर कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. उपचारांनी कान कोरडा झाला, पण गेलेलं ऐकू येणं परतलं नाही. डॉक्टर म्हणाले, पूर्ण औषध घेऊनही कधीकधी असं होतं. ते मी शेवंताला ऐकवलं.

"डाक्टर भला मानूस हाय," ती म्हणाली. "आई समोर बसलीय, म्हनून बोलला."

मला तिचा भयंकर राग आला. चौथी नापास बाई मला शिकवते! वर्षभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. त्या वर्षाची मला आज लाज वाटते, आणि स्वतःचा जो संताप येतो तो तिच्यावर काढलेल्या रागाहून मोठा आहे.

गेल्या महिन्यात ती फार आजारी आहे असं कळलं, म्हणून रोह्याला तिच्या लेकीच्या घरी गेले. खाटेवरून तिने मला ओळखलं.

"पोराला सांगितलं का?"

"नाही. आजारानेच झालं, असं त्याला वाटतं."

"मंग माझ्याकडं कशाला आलात? माझा कान तुमी नाय बिघडवला."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आठ दिवसांनी ती गेली.

मुलांनो, हा कागद बाबाला द्या. तो माझ्यावर रागावला तर मध्ये पडू नका.