सूर्यफुलाच्या स्टिकरखाली

मास्तरीणबाई म्हटलं की शाळेतली बाई डोळ्यांसमोर आणू नका. या बाईंनी जन्मात कुणाला पाढे शिकवले नाहीत. त्या कपड्यांच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर उभ्या असायच्या. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने रेघ मारायची आणि श्वास रोखून कात्री चालवायची, हे त्यांचं काम. ते करणाऱ्या पुरुषाला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीणबाई. हात इतका बसलेला, की त्यांनी कापलेल्या बाहीला पुन्हा कात्री लावायची वेळ कधी आली नाही. निवृत्त होताना मालकाने त्यांचीच जुनी कात्री कागदात गुंडाळून भेट दिली. तेवढ्यात त्याचं भागलं, असं त्यांचा नवरा अजून म्हणतो.

या बाईंना नाद होता स्क्रॅपबुकचा. जाड पुठ्ठ्याच्या पानांवर फोटो चिकटवायचे, कडेने रंगीत कागद, खाली दोन ओळी. अलीकडची त्यांची पुस्तकं बघून शेजारपाजारच्या बायका तोंडात बोटं घालतात. एका पानावर एकच फोटो, मागे राखाडी नाहीतर फिकट निळा कागद, बस्स. पण कपाटाच्या तळाशी त्यांची अगदी पहिली पुस्तकं होती, आणि त्यांचं नाव काढलं तरी बाईंचा चेहरा पडायचा. पानापानांवर चमकीचे पेन, फुगे, तारे, डोळे मिचकावणारी अस्वलं. फोटो बदामाच्या आकारात कापलेले, चांदणीच्या आकारात कापलेले, आणि त्यांच्या कडा दातेरी कात्रीने कुरतडलेल्या. पाहुणे आले की नवरा मुद्दाम म्हणायचा, ती जुनी काढ ना, फक्त सगळ्यांना आधी काळे चष्मे वाट. पाहुणे हसायचे, बाई हसायच्या आणि विषय बदलायच्या. एकदा ती सगळी उसवून नव्याने करायची आहेत, असं त्या कित्येक वर्षं म्हणत होत्या.

मग लेकीचा फोन आला. लेकीला नुकतंच बाळ झालं होतं, आणि ते घेऊन ती रविवारी यायची होती. ती म्हणाली, आई, तो लाल टोपीतला फोटो काढून ठेव, मी मोठीआईच्या मांडीवर बसलेय तो. बाळाला तसंच बसवून फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावायचे, असं तिच्या मनात होतं. मोठीआई म्हणजे बाईंची थोरली जाऊ. ती खालच्याच मजल्यावर राहायची. बाई म्हणाल्या, आहे ना, काढून ठेवते.

फोन ठेवल्यावर बाईंना वाटलं, चला, याच निमित्ताने पहिली पुस्तकं मार्गी लावू. लेकीसमोर, आणि आता नातवासमोर, तो बाजार कशाला मांडायचा? दुसऱ्याच दिवशी त्यांनी राखाडी कागद आणले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि कामाला बसल्या. जुना फोटो सोडवायची त्यांची पद्धत होती. केस वाळवायच्या यंत्राने पान जरा शेकायचं, मग शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या खालून हळूहळू ओढत न्यायचा.

लाल टोपीचा फोटो पहिल्याच पुस्तकात सापडला. पण त्यात मांडी नव्हती. बदामाच्या आकारात कापलेली तीन वर्षांची पोर होती, टोपीपासून पोटापर्यंत. पोटापासून बदामाच्या टोकापर्यंत, पोरीच्या तोंडाएवढं, एक सूर्यफुलाचं स्टिकर. बाईंनी दुसरा तसाच फोटो असेल म्हणून सगळी पानं चाळली. नव्हता. मग त्यांनी यंत्र लावून ते सूर्यफूल नखाने उचललं. खालून निळ्या फुलाफुलांच्या कपड्यातला गुडघ्याचा एक तुकडा निघाला, आणि पोरीच्या पोटावर घट्ट धरलेला एक हात, रुंद पट्ट्याचं घड्याळ घातलेला.

ते घड्याळ बाईंना न ओळखायला काय झालं? थोरली ते अजून घालते.

 बाईंनी पुढचं पान घेतलं. पोर स्टुलावर उभी, खांद्यावर मोठं फुलपाखरू. फुलपाखराखाली बोटं. पोर पाण्याच्या टबात, शेजारी बदकांची रांग. बदकांखाली कोपरापर्यंतचा हात, साबण लागलेला. पोर सायकलवर, मागे ढग. ढगाखाली सीट धरलेली मूठ. जिथे कात्रीने कापता आलं तिथे थोरलीला कापून काढलं होतं, आणि जिथे तिचा हात पोरीच्या अंगाला चिकटलेला, म्हणून कात्री चालली नव्हती, तिथे वर स्टिकर मारलं होतं. बाई हे विसरल्या होत्या असं म्हणावं, तर खोटं होईल. त्यांनी ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते चांगलं जमलं होतं.

तेव्हा दोन्ही भावांचं बिऱ्हाड एकत्र होतं. थोरलीला मूल नव्हतं. बाई बाळंतपणानंतर कामावर रुजू झाल्या आणि पोर थोरलीच्या हाती दिली. सकाळी निघताना पोर झोपलेली, संध्याकाळी आल्यावर पोर थोरलीच्या कडेवर. एकदा बाई घरात पाऊल टाकतात तोच पोर जिन्यात पडली आणि तिचा गुडघा फुटला. बाईंनी तिथेच खाली बसून हात पसरले. पोर रडत त्यांच्या बाजूने निघून गेली आणि आत जाऊन थोरलीच्या गळ्यात पडली. थोरली तिला घेऊन लगेच बाहेर आली, आईकडे जा म्हणाली, पण पोरीने मिठी सोडली नाही. बाईंना त्या वेळी थोरलीचा जो राग आला, तो पोरीचा यायला हवा होता, नाहीतर कारखान्याचा. पण राग काय विचारून येतो?

फोटो काढायचे थोरले दीर. त्यांच्याकडे कॅमेरा होता. धुऊन आलेल्या फोटोंचं पाकीट थोरलीनेच आणून दिलं होतं. तुझा हात चांगला आहे, तू लाव, म्हणाली. पुढच्या सुटीच्या दिवशी बाई कात्री घेऊन बसल्या. आकार चांगला दिसतो म्हणून कापते, असं त्या स्वतःला सांगत होत्या. कारखान्यात रेघेबाहेरच्या कापडाला जादा म्हणतात. बाईंनी बदामाची रेघ मारली आणि थोरली जादा झाली. कारखान्यात चिंधीसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या या बाईने फोटोंचे उरलेले तुकडे मात्र बारीक फाडून कचऱ्यात टाकले. निगेटिव्ह पुढे ओल लागून एकमेकांना चिकटली आणि तीही गेली. म्हणजे आता कुठे काही उरलं नव्हतं.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच होती. पुस्तक पुरं झाल्यावर बाईंनी ते थोरलीला दाखवलं होतं. दाखवायला नेलं होतं मुद्दाम, आणि तिच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. थोरलीने एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत. छान झालंय, म्हणाली. रंग छान आहेत. त्या दिवशी बाईंना बरं वाटलं होतं. तेच आता आठवलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

टेबलावर सगळी पानं पसरली होती. बाईंना आणखी एक गोष्ट दिसली. थोरलीला काढलं, पण तिच्या जागी बाई कुठे होत्या? त्या तर दिवसभर कारखान्यात. पुस्तकभर पोर एकटी. एकटीच टबात, एकटीच सायकलवर, एकटीच हसतेय, तेही चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी बघून. ज्या पोरीला एक मिनिट कुणी एकटं सोडलं नाही, तिचं लहानपण या बाईने अनाथासारखं करून ठेवलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं आणि थोरली आत आली. हातात बाळासाठी शिवलेलं दुपटं होतं, त्याची एक कड दुमडून हवी होती. बाईंनी झटकन वर्तमानपत्र पानांवर ओढलं. पण एवढं मोठं टेबल, झाकून झाकणार किती? थोरलीने दुपटं खुर्चीवर ठेवलं, चष्मा लावला आणि वर्तमानपत्र बाजूला सारलं. तिने आधी नुसत्या गुडघ्याच्या तुकड्याकडे बघितलं, मग काढून ठेवलेल्या सूर्यफुलाकडे.

"हे कशाला काढलंस?" ती म्हणाली. "पोरीला ते माहीत आहे."

बाईंना कळेना. काय माहीत आहे?

थोरली बसली आणि शांतपणे सांगायला लागली. पोर चार वर्षांची झाली तशी ही पुस्तकं काढून बसायची. एक दिवस तिने विचारलं, मोठीआई, तू कुठेच कशी नाहीस? थोरलीने तिचं बोट धरून फुलपाखरावर ठेवलं. म्हणाली, मी याच्यामागे लपलेय. मग तो खेळच झाला. पोर पान उलटायची आणि विचारायची, इथे कुठे? थोरली सांगायची, बदकांच्या मागे. लाल टोपीच्या पानावर सांगायची, इथे तू माझ्या मांडीवर आहेस आणि मी सूर्यफुलाच्या मागून तुला धरलंय. म्हणून तर लेकीला तो फोटो अख्खा आठवत होता. तिने तो अख्खा कधी बघितलाच नव्हता.

"तिला वाटतं, खेळ तू केलास," थोरली म्हणाली. "मीच तिला सांगितलं, तुझी आई दिवसभर नसते, म्हणून तिने तुझ्यासाठी मला लपवून ठेवलंय."

 बाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"न कळायला मी आंधळी होते का? वाईट वाटलं. खूप वाटलं. आठ दिवस मला जेवण गेलं नाही." थोरलीने चष्मा काढून पुसला. "पण पोरीला काय सांगणार होते मी? तुझ्या आईने मला कापलं म्हणून?"

बाई रडल्या. माफ करा म्हणाल्या, चुकले म्हणाल्या, आणखी काय काय म्हणाल्या. थोरलीने जवळ घेतलं नाही, की झालं गेलं विसर असंही म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली की लेकीला यातलं काही सांगू नकोस, तिला जे वाटतं ते तसंच राहू दे, मला आता त्याचं काही नाही. मग ती दुपट्याची कड कुठून दुमडायची ते दाखवून खाली निघून गेली.

बाईंनी कड शिवली. राखाडी कागद गुंडाळून ठेवले. नवीन नीटनेटकं करायला घेतलं असतं, तर कडा छाटताना थोरलीचे उरलेसुरले हातही गेले असते आणि त्यांचं पाप पुरतं धुऊन निघालं असतं. ते त्यांना नको होतं. काढलेली फुलपाखरं आणि बदकं मात्र त्यांनी पुन्हा चिकटवली नाहीत. रविवारपर्यंत त्यांनी मनाशी शंभर वेळा ठरवलं, गप्प बसू. थोरलीनेच तर सांगितलंय. फुकटचा चांगुलपणा पदरात पडलाय, तो कशाला टाकायचा?

रविवारी लेक आली. बाळ, पिशव्या, दुधाच्या बाटल्या, सगळं घर भरून गेलं. थोरली वर येऊन खुर्चीत बसली. लेकीने हात धुतले न धुतले तोच कपाटातून पहिलं पुस्तक काढलं आणि बाळाच्या नाकासमोर धरलं. जेमतेम मान धरणारं पोर ते, त्याला काय कळणार? पण ती सांगायला लागली, बघ, आजीने केवढा मोठा खेळ केला होता माझ्यासाठी. मोठीआई कुठे लपलीय, सांग बघू. आणि ती लाल टोपीच्या पानावर थांबली.

"अगं आई, फूल कुठे गेलं?"

थोरली बाईंकडे बघत होती. तिने मान किंचित हलवली, नको म्हणून. आणि त्या नको म्हणण्यानेच बाईंना राहवेना. किती दिवस ही बाई आपल्याला झाकत राहणार?

"तो खेळ नव्हता," बाई म्हणाल्या. "खेळ मोठीआईने केला. मी तिला कापून काढलं होतं. तू माझ्याकडे यायची नाहीस, तिच्याकडे जायचीस, म्हणून. कापता आलं नाही तिथे स्टिकर लावलं."

 लेकीने पान पुन्हा बघितलं, तो हात बघितला, ते घड्याळ बघितलं. मग मागची पानं उलटून बघितली, एकेक, सावकाश. तिचे डोळे भरले होते, पण ती आईकडे बघत नव्हती. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कारखान्यात अख्खा तागा चुकीचा कापणाऱ्याला मालकासमोर असंच उभं राहावं लागायचं. बाईंवर ती वेळ तिथे कधी आली नव्हती.

शेवटी लेक उठली. तिने बाळाला थोरलीच्या मांडीवर नीट बसवलं, थोरलीचा घड्याळाचा हात त्याच्या पोटावर ठेवला आणि आपला फोन आईच्या हातात दिला.

"तूच काढ," ती म्हणाली. "आणि मोठीआई पूर्ण आली पाहिजे."

बाईंनी फोन डोळ्यांसमोर धरला.  चौकटीत बाळ आलं, मांडी आली, थोरलीचं कपाळ मात्र वर कापलं जात होतं. बाई एक पाऊल मागे सरकल्या, मग आणखी एक, पाठ दाराला लागेपर्यंत. आता थोरली आली, खुर्ची आली, खुर्चीचे पाय आले, कडेला उघडं कपाट आणि खाली पडलेली दुधाची बाटलीही आली. बाईंनी ते सगळं तसंच ठेवलं आणि फोटो काढला.