यादीतली एकुलती एक डिस्क

तीन अनुभवी इंजिनिअर माझ्या मदतीला धावून आले, त्या रविवारची ही गोष्ट.

मी वन-नॉर्थ नावाच्या भागातल्या एका लॅबमध्ये डासांच्या आवाजावर काम करते. जुना लॅपटॉप कायमचा गेला होता आणि चार वर्षांची रेकॉर्डिंग्ज एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर तेवढी उरली होती. नव्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. "दहा मिनिटांचं काम," नवरा म्हणाला. मॅनेजर झाल्यापासून त्याची सगळीच कामं दहा मिनिटांची असतात, कारण ती दुसरं कुणीतरी करतं.

लिनक्सला लॅपटॉपमधली डिस्कच दिसेना. मग चोआ चू कांग या उपनगरातून त्याचे दोन कॉलेजमित्र आले. समिती बसली, पोहे झाले. एकाने डिस्क सदोष ठरवली, दुसऱ्याने लॅपटॉप, नवऱ्याने माझी खरेदी. मला कीबोर्डपर्यंत पोचायला जागाच नव्हती. स्क्रीनवर एक सूचना सारखी येत होती. ती न वाचता बंद करण्यात मात्र तिघांचं एकमत होतं.

मी चहा घेऊन आले तर जल्लोष चाललेला. "वहिनी, सापडली डिस्क!"

यादीत खरंच एक डिस्क होती, पण लॅपटॉपमधल्या डिस्कच्या दुप्पट मोठी. नवऱ्याने 'सेफ्टीसाठी' माझी रेकॉर्डिंग्जची डिस्क आधीच जोडून ठेवली होती, आणि आता 'सगळं पुसा'वर त्याचं बोट होतं.

ट्रे तसाच टेबलावर आदळून मी वायर उपटली.

मग ती सूचना वाचली. लॅपटॉपची डिस्क 'रेड' (RAID) नावाच्या मोडवर आहे म्हणून ती लिनक्सला दिसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन तो मोड बदला, असं तिच्यात सरळ लिहिलं होतं. मी बदलला. लॅपटॉपमधली डिस्क दिसायला लागली.

"मी तेच म्हणत होतो," एक मित्र म्हणाला.

ते गेल्यावर नवऱ्याने कप उचलता उचलता विचारलं, "अगं, पण एवढं काय होतं त्या डिस्कवर?"

चार वर्षं जेवताना मी त्याला डासांबद्दलच सांगत आले होते. चिडायलासुद्धा जमेना, इतकं वाईट वाटलं.

संध्याकाळी त्याने नव्या लॅपटॉपचा पासवर्ड विचारला. मी सांगितला नाही.