मध्ये छोटी रेघ

माझी मावशी छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती निवृत्त झाली, पण तिचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. जिन्यातली सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, माझ्या बायकोने मला लिहिलेला निरोप, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. घरात सगळे लिहायलाच घाबरायचे.

पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन लांबवून चालणार नव्हतं, पण तिच्यामागे आजीला कोण बघणार? आम्ही राहतो परप्रांतात; अर्धांगवायूनंतर इथली भाषा आजीच्या डोक्यातून पार पुसली गेली होती, उरली फक्त मराठी. आधी ठेवलेल्या बाईचं बोलणं कळेना, म्हणून आजीने जेवणच सोडलं होतं. मावशीने जाहीर केलं, "मराठी बोलणारी बाई मिळेपर्यंत मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

मग आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकात जाहिरात द्यायचं ठरलं. मी लिहिलं, 'आजींसाठी मराठी भाषी बाई हवी.'

मावशीने कागद नाकाला लावला. "सुटं? मराठी एकीकडे आणि भाषी दुसरीकडे?"

मी जोडून लिहिलं, 'मराठीभाषी'.

"आता नजर अडखळते. मध्ये छोटी रेघ हवी."

"अगं, मराठी पत्रकातली मराठी जाहिरात वाचणारी बाई मराठीच बोलणार ना! काढूनच टाकू तो शब्द."

यावर तिने अबोला धरला. इकडे डोळे चाललेत आणि बाईसाहेबांना रेघेची पडलीय! शेवटी तिने स्वतःच पत्रकवाल्याला फोन लावून एकेक शब्द सांगितला. त्या पठ्ठ्याने तो जसाच्या तसा छापला: 'आजींसाठी मराठी मध्ये छोटी रेघ भाषी बाई हवी.'

मी कपाळावर हात मारला. वाचून दाखवलं तेव्हा मावशी रडायचीच बाकी होती. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि माझ्याच जाहिरातीत ही!"

कोणाचाही फोन आला नाही. दुरुस्ती छापायला सांगावी म्हणून मी फोन उचलला, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात एक ठेंगणी बाई पत्रक हातात धरून उभी होती. "मी आजारी माणसांची कामं करते," ती म्हणाली. "जाहिरात वाचून इतकी हसले, की म्हटलं खालच्या पत्त्यावर जाऊन बघू तरी कोण आहेत ही माणसं."

ती थेट आजीच्या पलंगाशी गेली.

"कोण गं तू?" आजीने विचारलं.

"मी? मधली छोटी रेघ."

आजी हसली. तोंड वाकडं झालं, पण हसली, आणि मग म्हणाली, "भूक लागलीय."

मावशीने चाचपडत माझा हात धरला. फोन अजून माझ्या हातातच होता.

"पत्रकवाल्याला नको, डॉक्टरांना लाव," ती म्हणाली. "चूक राहू दे तशीच."