हातगाड्यांवर एकच नाव

त्या प्रकरणात चूक माझी होती, हे आधीच लिहितो. पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो. हे विसरता आलेलं नाही.

भिगवणच्या पुढं उजनीच्या पाण्याकाठी एक गाव आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. ते पाहायला पुण्या-बारामतीचे पर्यटक येतात, नावाडी त्यांना होडीतून देवळाकडं नेतात आणि काठावर शेंगा, सरबत, टोप्यांच्या हातगाड्या लागतात. पर्यटक रोख बाळगेनासे झाले, तसे गाडीगाडीवर क्यूआर कोडचे फलक लागले.

एका रविवारी खबऱ्याचा फोन आला. कुठल्याही गाडीवर पैसे भरा, मोबाइलवर नाव एकाच माणसाचं येतं, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्याच्या फलकावर आपला कोड चिकटवून पैसे लाटल्याच्या तक्रारी तेव्हा ऐकू येत होत्या. मी साध्या वेषात जाऊन शेंगा आणि सरबत घेतलं. खबर खरी निघाली.

नाव होतं टोप्या विकणाऱ्या एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं. गाव त्यांना चाचा म्हणायचं. शेजारच्या गाड्यांवरच्या बायकांना विचारलं, तर त्या खाली मान घालून म्हणाल्या, आमाला काय म्हाईत न्हाय. तेवढ्यावर मी चाचांना भर गर्दीत जीपमध्ये बसवलं. पंचनामा करून फलक जप्त केले, बँकेला खातं गोठवायचं पत्र दिलं.

चौकशीत ते एवढंच म्हणाले, "पैसं माजं न्हाईत, सायेब."

"मग कुणाचे?"

यावर ते गप्प. मी आवाज चढवला, तरी गप्प. त्यांचं मौन मी गुन्ह्याची कबुली धरलं. संध्याकाळी घरी सोडलं, पण सकाळी परत हजर राहायला बजावून.

सकाळी चाचा ठाण्यातल्या बाकावर बसलेले असताना शेंगा विकणारी विधवा बाई आली. तिला पाहताच चाचा उठले. "कशाला आलीस, आक्का? पगार जाईल तुजा."

ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "कोड आमीच मागितला त्यांच्याकडं. आमच्या खात्यावर सरकारचा निराधारचा पगार येतो. त्यात धंद्याचं पैसं दिसलं की पगार बंद व्हतो म्हणत्यात. चाचा रोज सांच्याला ज्याचं त्याला देत्यात. काल भ्यालो आमी. माजा पगार गेला तरी जाऊ द्या, पर ह्यास्नी सोडा."

बाकीच्या बायकांनीही मग तेच जबाब दिले. बायकांच्या पगाराला धक्का लागू नये म्हणून हा माणूस चोर ठरायला तयार झाला होता. मी बँकेला खातं खुलं करायचं पत्र लिहिलं आणि त्यांना म्हणालो, "जा, तुमच्यावर काही नाही." जणू उपकारच करत होतो.

निवृत्तीनंतर कळलं की नावाडी अजून त्यांना टोमणा मारतात, चाचा, टोप्या झाका, जीप आली. ते हसून सोडून देतात म्हणे. मला मात्र ते ऐकून जेवण गेलं नाही. लोक भीतीनं गप्प बसतात तसे दुसऱ्यासाठीही बसतात, हे मला नोकरीभर उमगलं नव्हतं. ते शिकायला एका माणसाची अब्रू खर्ची पडली.

पुढच्या रविवारी गर्दीच्या वेळी काठावर गेलो. चाचांनी बसायला स्टूल पुढं केलं. मी उभाच राहिलो आणि नावाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "चाचा, तुम्ही खरं बोलत होता. सगळ्यांसमोर तुम्हाला नेलं, ती चूक माझी. मला माफ करा."